दोन ते आठ अंशांची दरी

३ मे, रविवार

घरात ३८.४. स्वयंपाकघरात ३९.१. आमचा मजला गच्चीखालचा, त्यामुळे अपेक्षितच.

जेवताना ठरलं की ताई जायच्या आधी चौघांनी कुठेतरी थंड ठिकाणी जायचं. ताईचं विमान ४ जूनला. परदेशी हॉस्पिटल, नर्सची नोकरी, तीन वर्षांचा करार. बाबा म्हणाले, सोळाला निघू, चांगले आठ दिवस राहू. आई म्हणाली, झाडं हवीत आणि उठल्या उठल्या घाम येता कामा नये. ताई म्हणाली, मग तळ्यावरच जाऊ की, लहानपणी जायचो तिथे. सगळे लगेच हो म्हणणार असं दिसलं, म्हणून मी विचारलं, तळ्यावर तापमान किती असतं? कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा ठिकाण निवडायचं काम माझ्याकडे आलं. योग्यच आहे. तापमान मोजायचं शिक्षण घरात मी एकटीने घेतलंय.

ताई म्हणाली, झालं, निघाली फूटपट्टी. फूटपट्टी म्हणजे मी. नाव तिनेच ठेवलेलं. मी कधी मनावर घेतलेलं नाही.

नोंद: ताईच्या जाण्याबद्दल मला विशेष काही वाटत नाही. लोक जातात. विमानं त्यासाठीच असतात.

संकल्प: शुक्रवारपर्यंत निर्णय.

८ मे, शुक्रवार

निर्णय नाही. कारण माझं नाही.

तीन ठिकाणं निवडली: तळं, खिंड, दरी. तिन्हींच्या वेबसाइटवर हवा ‘आल्हाददायक’ आहे. आल्हाददायक म्हणजे किती अंश, हे कोणीही लिहीत नाही. दरीच्या साइटवर एका बाईने शाल पांघरलेली आहे. शाल हा पुरावा नव्हे.

उपाय सापडला. आमच्या लॅबमध्ये डेटालॉगर तपासले जातात. काडेपेटीएवढं यंत्र. जिथे ठेवाल तिथलं तापमान मोजतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून थेट माझ्या स्क्रीनवर पाठवतं. मुख्यतः लशींच्या वाहतुकीला वापरतात. तिन्ही ठिकाणच्या गेस्टहाउसना एकेक कुरिअर केला. आत पत्र: यंत्र बाहेर, सावलीत, वाऱ्याला टांगावे.

खोके लशींचेच वापरले. भक्कम असतात. वर मोठं निळं स्टिकर आहे: ‘उष्णतेपासून जपा. २ ते ८ अंश.’ शेजारच्या टेबलवर प्रेशर गेज तपासतो तो, प्रेशरवाला, म्हणाला, बाई, स्टिकर तेवढं काढ. मी म्हटलं, काढलं तर पुठ्ठा फाटतो. आणि सुशिक्षित माणूस आधी पत्र वाचतो. तो म्हणाला, तुझी भेट झालीये का अशा माणसाशी?

लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, तीन लॉगर जागेवर दिसत नाहीत? मी म्हटलं, फील्ड टेस्ट. खोटं नाही. त्या म्हणाल्या, जूनच्या ऑडिटला मला रेकॉर्डसकट टेबलवर हवेत.

१२ मे, मंगळवार

खिंड बाद. तिथल्या मॅनेजरचा फोन आला. अत्यंत गरम आवाज. म्हणे, तुमच्या खोक्यातून लाल दिवा लुकलुकतोय, कॅमेरा आहे का हा? आमच्याकडे नवी जोडपी उतरतात, मॅडम! समजावलं. पार्सल परत पाठवलं त्याने, माझ्याच खर्चाने.

तळ्यावर बोटवाले काका गेस्टहाउस चालवतात. त्यांनी लॉगर व्हरांड्यात टांगला. पहाटे २१, दुपारी २७. त्यांचाही फोन आला. म्हणाले, टांगलंय हं यंत्र, फक्त एक चिमणी येऊन बसते त्याच्यावर, चालेल ना? मी म्हटलं, चिमणी किती वेळ बसते? ते मग म्हणाले, सोळापासून खोली धरून ठेवू का? मी म्हटलं, डेटा अपुरा आहे. ते म्हणाले, अहो, मी खोलीचं विचारतोय.

चिमणीच्या अंगाची ऊब लक्षात घेता तळ्याची वाचनं संशयास्पद.

घरी ताईला तळ्याचे आकडे सांगितले. ती म्हणाली, सत्तावीस! स्वर्ग आहे हा, चल, करून टाक बुकिंग. घाई हा तिचा जुना दोष. पोहायलाही तिने मला त्याच तळ्यात असंच शिकवलं होतं, ढकलून. अर्थात ही आठवण डेटा म्हणून निरुपयोगी.

१४ मे, गुरुवार

दरी सुरू झाली.

४.८.

यंत्र बिघडलं असेल असं वाटून चहा न पिता स्क्रीनसमोर बसले. ५.१. ४.९. ५.३. दिवसभर तेच. बाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटतंय आणि दरीत पाच अंश!

इतका स्थिर आलेख मी निसर्गात कधी पाहिला नव्हता. ओळखीचा मात्र वाटला. चांगला आलेख ओळखीचाच वाटतो.

हवामान खात्याचा त्या भागाचा अंदाज: ३३. अंदाज आणि मोजमाप यांत मी कोणाची बाजू घेणार हे उघड आहे. दरी खोल आहे, झाडी दाट आहे, थंड हवा जड असते, खाली साचते. शक्य आहे.

तरी आठवडाभराचा डेटा हवा. घरी सांगितलं, सोळाऐवजी बावीसला निघू. बाबांनी तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. ताई म्हणाली, दाखव तरी काय आलंय ते. मी म्हटलं, अंतिम झाल्याशिवाय निकाल दाखवत नाही. ती म्हणाली, अगं, मी बहीण आहे तुझी, ऑडिटर नाही!

तत्त्व ते तत्त्व. एकाला दाखवलं की सगळ्यांना मतं येतात.

१७ मे, रविवार

दरीच्या आलेखावर लहान उंचवटे आहेत. सुटीत बसून अर्थ लावला.

सकाळी सात: ऊन झाडांवर येतं.
दुपारी एक: ऊन माथ्यावर.
चार: दरीतून उलटा वारा.
रात्री अकरा: एक बारीक, टोकदार उंचवटा. रोज. न चुकता. याचं स्पष्टीकरण अजून नाही. वन्य प्राणी?

आईला सांगितलं, लोकरीचे कपडे लागतील. ती आधी माझ्या कपाळाला हात लावून बघायला आली. मग लोकर आणायला गेली. आता पंख्याखाली बसून कानटोप्या विणतेय. ताईची हिरवी. सुया घामाने निसटतात तिच्या. पण काम मन लावून चाललंय. निदान एक माणूस विज्ञानाच्या बाजूने आहे.

१९ मे, मंगळवार

ताईशी मतभेद. नोंदवून ठेवते, कारण शब्द अचूक असलेले बरे.

मी सांगितलं की बावीसच्याही पुढे दोन-तीन दिवस गेले तर अकराचा उंचवटा उलगडेल. ती कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, मला एक सांग, तुला जायचंय का नाही? मी म्हटलं, जायचंय म्हणूनच तर. ती म्हणाली, सोळाचे बावीस झाले, बावीसचे पंचवीस करतेस, मी चारला चालले आहे बाई! का तुला वाटतंय, तू मोजत बसलीस की विमान उडायचं थांबेल?

प्रश्न अशास्त्रीय होता.

आई आतून म्हणाली, अगं, इस्त्री बंद करा, घर पेटवाल. बाबा म्हणाले, पेटू दे, तेवढंच राहिलंय.

झोपायच्या आधी ताईने नेहमीसारखं दिवा घालवू का विचारलं नाही. सरळ घालवला.

संकल्प: उद्या बुकिंग. काहीही झालं तरी उद्या.

२१ मे, गुरुवार

काल मीटिंग होती. आज बुकिंग केलं.

दरीच्या मालकीणबाई फोनवर अतिशय अगत्याने बोलल्या. अठ्ठावीसपर्यंत सगळं भरलेलं आहे. एकोणतीस ते एकतीस एकच मोठी खोली. घेऊन टाकली. त्या आपणहून म्हणाल्या, तुमचं यंत्र अगदी जिवापाड जपलंय हो, काही काळजी करू नका, तुम्ही म्हणाला तस्संच ठेवलंय. जबाबदार बाई. अशा लोकांवर विज्ञान उभं असतं.

तुलनेसाठी तळ्यावर फोन केला. काका म्हणाले, अरेरे, काल संध्याकाळपर्यंत थांबलो होतो तुमच्यासाठी, मग दिली. चिमणीने घरटं बांधायला घेतलंय, यंत्र आता कसं काढू?

ताईला सांगितलं, दरी, तीन दिवस. ती म्हणाली, तळं नाही? मी म्हटलं, तळ्यावर २७. दरीत ५. ती म्हणाली, बरं. एवढंच. भांडण संपलं याचा हा पुरावा मानते.

आठ दिवस गुणिले सत्तावीस आणि तीन दिवस गुणिले पाच, यात दुसरी संख्या फारच कमी. आणि आपल्याला कमीच हवं होतं.

२६ मे, मंगळवार

बाबांनी माळ्यावरून लोकरीचे कपडे काढले. घरभर डांबरगोळ्यांचा वास. बाबांनी कोट चढवून पाहिला आणि त्यातच घेरी आल्यासारखे खुर्चीत बसले. म्हणाले, फूटपट्टी, तुझे पाच अंश खरे निघाले नाहीत ना, तर याच कोटात मला जाळा. आई म्हणाली, काहीतरीच बोलू नका. आणि त्यांच्या डोक्याला कानटोपीचं माप घेतलं.

ताईची मोठी बॅग खोलीत अर्धी भरलेली पडली आहे. ती बाजारात गेली होती. मी वजन केलं. नियमापेक्षा तीन किलो जास्त. तांत्रिक मदत म्हणून काही वस्तू काढायला घेतल्या. पुस्तकं, बूट, एक जड डबा. तळाशी माझी शाळेतली लाकडी फूटपट्टी सापडली. मागे माझं नाव कर्कटकाने कोरलेलं आहे.

वजन नगण्य. परत ठेवली. बूट काढले.

विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतं.

२९ मे, शुक्रवार

प्रवासाचा दिवस. घडलं त्या क्रमाने लिहिते.

गाडी बाबांनी चालवली. मी पुढे, नकाशा घेऊन. स्वेटर मांडीवर, कानटोप्या हाताशी. घाट संपून खाली उतरायला लागलो तशी गाडीच्या डॅशबोर्डवर २९ दिसले. मग ३१. मी म्हटलं, गाडीचा सेन्सर इंजिनाच्या जवळ असतो. ३३. मी म्हटलं, अजून सावली लागायची आहे. बाबा म्हणाले, इंजिन मागच्या आठवड्यापेक्षा जास्तच जवळ आलंय वाटतं. आईने निष्ठेने कानटोपी घातली होती. ताई खिडकीबाहेर बघत होती. तिचा खांदा हलत होता. रडतेय की हसतेय हे आरशातून निश्चित करता आलं नाही.

पोचलो. दाट झाडी, सुंदर दरी, एक पानही हलत नव्हतं. ३४.६. माझ्या स्वतःच्या थर्मामीटरवर.

मालकीणबाई पुठ्ठ्याने वारा घेत बाहेर आल्या. म्हणाल्या, या या, यंदा फारच उकाडा, आमच्याकडे कधी पंखे नव्हते, यंदा घेतले, तेही कमीच पडतात. मी विचारलं, यंत्र कुठे आहे? त्या म्हणाल्या, चला ना, दाखवते. आणि मला स्वयंपाकघरात नेऊन फ्रिज उघडला.

मधला कप्पा. लोणी आणि जॅमची बरणी यांच्यामध्ये. खाली घडी घातलेला नॅपकिन. माझा लॉगर.

त्या म्हणाल्या, खोक्यावर लिहिलंच होतं तुम्ही, दोन ते आठ. आतल्या पत्रात काहीतरी वारा-बिरा लिहिलेलं, पण म्हटलं, छापलेलं ते खरं. परवा लाइट गेली तेव्हा आमचं लोणी वितळलं हो, पण तुमचं यंत्र मी बर्फात ठेवलं!

मागे सगळे येऊन उभे होते. ताईने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने आलेखाकडे पाहिलं, किती वेळ म्हणून सांगू, श्वास घ्यायलाही लागत नाही एवढा. म्हणाली, अगं, हा तर आमच्या वॉर्डातला लशींचा फ्रिज! रोज सकाळी ड्युटीवर गेलं की पहिलं हेच बघते मी. पहिल्याच दिवशी दाखवलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

बाबांनी शांतपणे आईच्या डोक्यावरची कानटोपी काढून खिशात घातली.

तळ्यावर या क्षणी २३.६.

मूळ कारण: गोंद. स्टिकरचा गोंद इतका पक्का नसता तर ही वेळ आली नसती.

३० मे, शनिवार

सकाळी नाश्त्याला ताई माझ्याशी बोलली नाही. आईने मला दोन अंडी वाढली. घरात कोणी आजारी असलं की ती असं करते.

मालकीणबाई हौसेने विचारायला आल्या की यंत्राने काय काय टिपलं. आपल्या हातून काहीतरी मोठं शास्त्रीय काम झालंय असं त्यांना वाटत होतं. कोणीतरी विचारतंय म्हटल्यावर मी नीट सांगितलं. सकाळी सात, म्हणजे तुम्ही दूध काढता. एक, जेवण. चार, चहा. त्या मान डोलावत होत्या, अगदी बरोबर, अगदी बरोबर. मी म्हटलं, आणि रोज रात्री अकराला कोणीतरी दार उघडतं, दोन-तीन मिनिटं उघडं ठेवतं.

त्या म्हणाल्या, अकराला? अकराला तर मी झोपलेली असते.

पलीकडच्या टेबलावर त्यांचे मिस्टर पेपर वाचत होते. पेपर हळूहळू वर गेला. चेहरा दिसेनासा झाला.

मालकीणबाई म्हणाल्या, अहो. पेपर हलला नाही. त्या म्हणाल्या, अहो, जॅम! डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? आणि मी भरली बरणी संपते कशी म्हणून कामवालीला बोलले, बिचारीला! पेपराच्या मागून आवाज आला की थोडंसंच, बोटावर घेऊन. त्या म्हणाल्या, तीन मिनिटं बोटावर?

ताईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाणी पीत होते. ठसका लागला, नाकातून पाणी आलं. ताई टेबलावर डोकं टेकून हसत होती, आवाज न करता, लहानपणी हसायची तशी. मीही हसले असेन. मोजलं नाही.

दुपारी पंखाही बंद. लाइट गेली. संध्याकाळी आली तेव्हा खोली तापलेली होती. ताई दिसेना. शोधलं तर स्वयंपाकघरात, फरशीवर, फ्रिज उघडून त्याच्यासमोर मांडी घालून. म्हणाली, ये, फूटपट्टी. तुझी दरी सापडली मला. अगदी पाच अंश.

मी म्हटलं, दार असं उघडं ठेवलं तर कॉम्प्रेसरवर भार येतो. ती म्हणाली, बस.

बसले. मालकीणबाईंनी काही म्हटलं नाही. नवऱ्यावर रागावलेल्या असल्यामुळे पाहुण्यांवर फार प्रेम आलं होतं त्यांना. मग आई आली, कानटोप्या घेऊन. म्हणाली, एवढ्या विणल्यात, एकदा तरी घाला. बाबा शेवटी आले, कोट घालून. चौघे फ्रिजसमोर. फोटो मिस्टरांनी काढला. आज ते कोणीही सांगेल ते काम करत होते.

आई-बाबा उठून गेल्यावर ताई म्हणाली, तळ्याचं वाईट वाटलं मला. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, तू मला थांबवायला बघत होतीस. मी म्हटलं, मी तापमान मोजत होते. ती म्हणाली, हो ना. तेच म्हणतेय मी.

यावर मुद्देसूद उत्तर होतं माझ्याकडे. पण फ्रिजमधला दिवा डोळ्यांवर येत होता.

३१ मे, रविवार

निघालो. लॉगर फ्रिजमधून काढून घेतला. पहाटे तीनला एक नवा उंचवटा आहे. मालकीणबाईंना सांगितलं नाही. प्रत्येक निकाल जाहीर करायचा नसतो.

४ जून, गुरुवार

विमान वेळेवर सुटलं. बॅग नियमात बसली.

ताईने मिठी मारली. कानात म्हणाली, आईच्या गुडघ्यांकडे बघ, आणि स्वतःच्या कपाळाला अधूनमधून हात लावत जा. मी म्हटलं, हाताने अचूक कळत नाही.

घरात ३६.९. माणसं एकाने कमी असताना इतकं यायला नको होतं.

६ जून, शनिवार

ऑडिट. खिंडीचा आणि दरीचा लॉगर टेबलवर. तळ्याचा चिमणीमुळे अजून तिथेच. मॅडमना खरं कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला.

मग दरीचं रेकॉर्ड उघडलं. सगळं दोन ते आठमध्ये, सुरेख. फक्त ३० मेच्या संध्याकाळी रेषा वर जाते ती १९ पर्यंत. मॅडम म्हणाल्या, हे काय? मी म्हटलं, दार उघडं होतं. त्या म्हणाल्या, इतका वेळ? मी म्हटलं, चौघे होतो. प्रेशरवाला म्हणाला, एरर म्हणून उडवून टाक ना ते. मी नाही म्हटलं. वाचन बरोबर आहे.

ताईचा मेसेज आला. पोचली. खोली लहान आहे, खिडकीतून एक झाड दिसतं, कानटोपी उशाखाली आहे. पुढे लिहिलंय: तापमान विचारू नकोस, मला माहीत नाही, पण हवा बरी आहे.

‘बरी’ हे एकक नाही.

तिला एक लॉगर पाठवते. खोका उचलून ठेवला आहे. प्रेशरवाल्याकडून ब्लेड आणलं. स्टिकर निघायला वेळ लागतोय, पुठ्ठाही थोडा फाटला. चालेल.